क्यूबचा माल

क्रांती चौकात सिग्नलला थांबलो आणि शेजारी आरएमसीचा, म्हणजे तयार काँक्रीटचा ट्रक पोट फिरवत येऊन उभा राहिला, की माझं डोकं तापतं. बायको विचारते, त्या ट्रकनं तुमचं काय घोडं मारलंय? तिला किती वेळा सांगणार. ट्रकनं काही केलेलं नाही. पण त्यातल्या एका रंगाच्या ट्रकमधला माल कुठे जन्मला ते मला ठाऊक आहे. गंगापूर रस्त्याला एका नाल्याच्या काठी, पत्र्याच्या शेडखाली, आमच्या टोळीच्या हातून तो झाला. आज तो ज्याच्या नावानं शहरभर फिरतो, तो माणूस त्या दिवसांत बुटाला चिखल लागेल म्हणून गाडीतून खाली उतरत नव्हता.

हे रागानं लिहितोय असं वाटेल, आणि राग आहेच. पण लिहायला बसलं की राग मागे पडतो आणि ते दिवसच पुढे येऊन बसतात, त्याला माझा इलाज नाही.

मी इंजिनिअर नाही. गंगापूर तालुक्यातल्या आमच्या खेड्यातून शहरात आलो तो घमेलं उचलायला. मग ओलं काँक्रीट हलवून बसवायचा व्हायब्रेटर धरला, मग एका मोठ्या साइटवर माल तपासायच्या खोलीत लागलो. काम काय, तर तपासणीच्या ठोकळ्यांचे, म्हणजे क्यूबचे, लोखंडी साचे धुवायचे, त्यांना तेल लावायचं आणि साहेब लोक बोलत असतील तेव्हा गप्प उभं राहायचं. गप्प उभं राहणं मला जन्मात जमलेलं नाही, पण तिथे जमवलं. सिमेंट किती, पाणी किती, वाळू जाड की बारीक, हे सगळं तिथे कानावर पडलं. पुढे भंगारवाल्याकडून एक जुना मिक्सर घेतला. त्याच्याशी इतकी घासाघीस केली, की शेवटी त्यानं मिक्सर दिला आणि सांगून ठेवलेला चहा रद्द केला.

मिक्सर आला तशी टोळी जमली. मिक्सरवर चाचा बसायचे. गारखेड्यात राहणारे, माझ्याहून वयानं बरेच मोठे, गुडघ्यानं अधू. तोंडानं अर्धी दखनी, अर्धी मराठी. फिरत्या ड्रमशी ते घरच्या बैलाशी बोलावं तसं बोलायचे. घमेल्यांची रांग सांभाळायची आमची मावशी. नात्यानं कुणाचीच नाही, पण सगळ्यांची मावशी. सकाळी आली की सगळ्यांना "जयभीम" आणि लगेच त्याच श्वासात "हलवा की हातपाय, का मुहूर्त काढू?" तिच्या रांगेत बाया आणि गडी दोन्ही असत, आणि दोघेही तिला सारखेच भीत.

काँक्रीटला आम्ही नुसतं 'माल' म्हणतो. त्या काळात मालाचं गणित सोपं वाटायचं, कारण वाळू गोदावरीची होती. गोल दाण्याची, धुतल्यासारखी स्वच्छ. मूठभर घेऊन कानाजवळ चोळली तरी चांगली-वाईट कळायची. तिच्यात बारीक शिंपले निघायचे. मावशी ते पदराला बांधून नातीला न्यायची. ती वाळू मिक्सरमध्ये पडली, की थोडं इकडेतिकडे झालं तरी ती सांभाळून घ्यायची. घरातली एखादी समजूतदार सून असते तशी.

मग नदीतला उपसा बंद झाला. बंद व्हायलाच हवा होता. नदीचे हाल मीही पाहिले आहेत. पण आमच्यासाठी ते असं झालं, की एक दिवस वाळूच्या ढिगाच्या जागी काळ्या दगडाचा चुरा येऊन पडला. क्रशरमध्ये दगड दळून केलेली वाळू. टोकदार, रुक्ष, धुळीनं भरलेली. चाचांनी ती हातात घेतली, फुंकली आणि म्हणाले, "ये वाळू नक्को मियाँ, ये तो सुरमा है."

नेमकं तेव्हाच त्या नाल्यावरच्या पुलाचं काम चालू होतं. मुख्य काम एका बड्या ठेकेदाराचं. त्याला सगळे शेठ म्हणायचे. काँक्रीट ओतायचं काम त्यानं माझ्या टोळीला दिलं होतं. पुलाचे खांब नदीच्या वाळूत झाले. वरचा सगळा स्लॅब बाकी होता आणि वाळू संपली.

शेठनं मला गाडीच्या खिडकीपाशी बोलावलं. काच अर्धीच खाली केली.

"हे बघ, या चुऱ्यात तुझ्या लोकांना माल जमणार नाही. एक प्लँटवाला माझ्यामागे लागलाय. तयार माल आणून ओततो म्हणतो."

"जमणार नाही हे कुणी ठरवलं?"

"अजून कुणी नाही ठरवलं. मॅडमना सांगितलंय, साइटवर बसून मालाचं डिझाइन करा. क्यूब पास झाले तर स्लॅब तुझा. नापास झाले तर तुझी टोळी सुटी."

"स्लॅब माझा म्हणजे शेवटपर्यंत माझा. मधेच काढायचा नाही."

"बरं."

"मोठ्यानं म्हणा, चाचांनाही ऐकू जाऊ दे."

तो हसला, पण म्हणाला. एवढंच काय ते पणाला लागलं होतं, आणि आम्हाला ते पुष्कळ होतं. त्या उन्हाळ्यात दुसरं कुठलंच काम हातात नव्हतं. हा स्लॅब गेला असता तर टोळी फुटली असती. फुटलेली टोळी पुन्हा जुळत नाही. कुणी ऊसतोडीला जातं, कुणी पुण्याला, कुणी वॉचमन होतं.

मॅडम म्हणजे शेठच्या कामावरची माल तपासणारी इंजिनिअर. वयानं लहान, आवाजानं त्याहून लहान, पण एकदा नाही म्हणाली की नाही. पहिल्याच दिवशी तिनं चाचांच्या हातातला पाण्याचा मग काढून घेतला. चाचा वर्षानुवर्षं त्या मगानं डोळ्याच्या अंदाजानं पाणी घालायचे. तिनं खुणा केलेला एक डबा त्यांच्या हातात दिला.

"चाचा, पाणी आता यानंच."

"अरे बेटा, इत्ते पानी में तो चिडिया बी नै नहाती!"

"चिमणीला नाही घालायचं, मालाला घालायचंय."

मावशी रांगेतून ओरडली, "बरोबर हाय पोरी, लई वर्सं झाली ह्या म्हाताऱ्याला कुणी असं बोलून!"

पहिले काही घाणे फसले. मालाचा ओलेपणा बघायला पत्र्याचं एक शंकूसारखं भांडं असतं. त्यात माल भरायचा, भांडं वर उचलायचं आणि ढीग किती बसतो ते मोजायचं. नदीच्या वाळूचा ढीग पोटभर जेवलेल्या माणसासारखा सावकाश खाली बसायचा. या चुऱ्याचा ढीग एकतर ताठ उभा राही, नाहीतर एका अंगानं फुटून पडे. घमेल्यातून सुटत नसे. बाया वैतागल्या. "पाणी टाका की वाईच, हाताची सालपटं निघाली." मॅडम म्हणायची, पाणी टाकलं तर आत्ता सोपं जाईल आणि पूल कच्चा होईल. मीही तिच्यावर दोनदा चढलो. एकदा तर शंकूचं भांडं लाथाडलं. तिनं ते उचलून आणलं, पुसलं आणि परत भरायला घेतलं. मग लाथ मारण्यात मजा उरली नाही.

संध्याकाळी आम्ही ढिगाशेजारी बसायचो. ती एकाखाली एक चाळण्या लावून वाळू चाळायची. प्रत्येक चाळणीवर किती उरलं ते बघायची. जाड दाणा भरपूर, धूळ भरपूर, मधला दाणाच नाही, हे तिनं शोधलं. त्यावर तोडगाही तिनंच काढला. दोन वेगवेगळ्या क्रशरची वाळू मिसळायची, त्यातली एक धुतलेली हवी, आणि मोठी खडी कमी करून बारीक खडी वाढवायची. पाणी कमी लागावं म्हणून एक रसायन घालायचं.

धुतलेली वाळू आणायचं काम माझ्याकडे आलं. हे मात्र माझ्या हातचं काम होतं. क्रशरवाला म्हणाला, "वाळू धुवायची? कपडे आहेत का हो?"

"कपडे असते तर घरी धुतले असते. तुमच्याकडे पाण्याची टाकी आहे, पंप आहे, दोन माणसं दुपारभर झोपलेली आहेत. त्यांना उठवा."

"आणि मला काय मिळेल?"

"आजूबाजूच्या सगळ्या साइटी आत्ता ह्याच चुऱ्याला शिव्या देतायत. हा पूल जर तुमच्या वाळूत उभा राहिला तर त्या कुणाकडे येतील? तुमच्याकडे. आणि पडला तर कुणाचं नाव जाईल? माझं. तुमचं काय जातंय?"

त्यानं बराच वेळ दाढी खाजवली. मी उठून चालायला लागलो तेव्हा मागून हाक आली. उठून चालायला कधी लागायचं, हे कुठल्याही कॉलेजात शिकवत नाहीत.

धुतलेली वाळू आली आणि त्या दिवशी माल बदलला. आधी कानाला कळलं. इतके दिवस ड्रममध्ये पत्र्यावर खडे फेकल्यासारखा आवाज येत होता. तो बुजला आणि ओल्या घोंगडीसारखं काहीतरी आत आपटायला लागलं. चाचा ड्रमकडे कान देऊन बसले. माल खाली पडला तो राखाडी, गुळगुळीत, एकसंध. मॅडमनं शंकू उचलला आणि ढीग सावकाश, कुठेही न फुटता, खाली बसला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मावशी फक्त म्हणाली, "आता बसला बघा मांडी घालून."

लगेच क्यूब भरायचे होते. क्यूब म्हणजे मालाचा ठोकळा. लोखंडी साच्यात माल भरायचा, दुसऱ्या दिवशी साचा सोडवून ठोकळा पाण्यात ठेवायचा आणि ठरलेल्या दिवशी मशीनखाली दाबून फोडायचा. सात दिवसांचा ठोकळा किती भार सोसतो त्यावरून पुढचा अंदाज बांधतात. मॅडम साचे मांडत होती तेवढ्यात पलीकडच्या काठावरून तिला सळयांचं काहीतरी बघायला बोलावणं आलं. ती मावशीला म्हणाली, "मावशी, तीन थरांत भरा, नीट कुटून घ्या, मी आलेच." मी धुतलेल्या वाळूच्या दुसऱ्या ट्रकवाल्याशी भांडत होतो. मावशीनं क्यूब भरले. छान भरले. कडा तासून, वरून थापीनं लखलखीत करून.

सात दिवस कसे गेले ते सांगत नाही. शेठची गाडी रोज यायची, काच अर्धी खाली व्हायची, "काय म्हणतायत ठोकळे?" एवढं विचारून वर जायची.

ठोकळे शहरातल्या एका लॅबमध्ये फोडले. मी मशीनच्या जाळीबाहेर उभा होतो. काटा चढत होता. जिथे थांबला तरी आम्ही पास झालो असतो त्याच्याही पुढे गेला. आणखी पुढे गेला. मग एक जाड, पोटातला आवाज आला आणि ठोकळ्याची बाजू सुटली. मॅडमनं दुसरा लावला. तोही तसाच. ती खुश झाली, पण कपाळावर एक आठी होती. "अपेक्षेपेक्षा फारच जास्त आलंय, दादा," ती म्हणाली.

शेठला फोनवर कळलं तेव्हा त्यानं दुसरंच ऐकलं. एवढा जोर आहे म्हणजे सिमेंट जास्त पडतंय. कमी करा. मॅडम म्हणाली, आकडे बघता थोडं कमी करता येईल खरं, मी बसून बघते.

मी साइटवर इमरती घेऊन गेलो. उन्हात शेडखाली सगळे बसले, इमरतीचा कागद फिरला. चाचांनी दोन घेतल्या, तिसरी खिशात टाकली. मावशी पदरात हसत म्हणाली, "म्या म्हणलंच व्हतं. माझ्या हातचा क्यूब हाय त्यो, नापास कसा हुईल?"

"तुझ्या हातात काय जादू आहे का गं?"

"जादू नाय. दोन ओंजळी."

"कसल्या ओंजळी?"

ती सहज म्हणाली, "सिमिटाच्या."

इमरती माझ्या तोंडात तशीच राहिली.

बाहेरच्या माणसाला यातली गोम कळणार नाही, म्हणून सांगतो. साइटीसाइटींवर हा रिवाजच आहे. क्यूबचा माल वेगळा. पाहुणे मुलगी बघायला येतात त्या दिवशीच्या पोह्यांसारखा. त्यात कुणी हात आखडता घेत नाही. त्या घमेल्यात जरा जास्तीचं सिमेंट पडतंच, आणि टाकणाऱ्याला त्यात खोटं काही केलं असं वाटत नाही. आपल्या घरची अब्रू राखली असं वाटतं. एरवी मालही बरा असतो, त्यामुळे ते खपून जातं. पण हे क्यूब दाखवायचे नव्हते. यांच्यावरून माल ठरायचा होता. मावशीच्या दोन ओंजळींमुळे आमचा माल होता त्यापेक्षा दांडगा दिसला, आणि आता शेठ त्यातलं खरं सिमेंट काढायला निघाला होता. म्हणजे तिनं जेवढं प्रेमानं घातलं होतं तेवढं पुलातून जाणार होतं.

मी उठलो तो ओरडतच. काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. चाचा म्हणाले, "बस कर मियाँ, उनो क्या तेरी दुश्मन है?" रांगेतल्या बाया माना खाली घालून बसल्या. मावशी मात्र उभी राहिली. पदर खोचला.

"वरडू नको. आजवर कुणाच्या साइटीवर क्यूब खरा भरलाय, सांग. ही परीक्षा खरी हाय म्हणून आधी सांगायचं व्हतं."

सांगायला मीच हवा होतो. 

ती मग खाली बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "आता काय हुईल रं बाबा? काम जाईल का?"

मला गप्प बसता आलं असतं. चाचांनी डोळ्यांनीच ते सुचवलं. क्यूब पास, स्लॅब आमचा, सिमेंट कमी करायचं ते शेठनं आणि मॅडमनं कागदावर ठरवलेलं. आमच्याकडे बोट आलं नसतं. पण तो पूल आमच्याच गावच्या रस्त्यावर होता. जीपच्या टपावर बसून आमचीच माणसं त्यावरून जाणार होती. मी मोटरसायकलला किक मारली आणि शेठच्या ऑफिसात गेलो. मॅडमही तिथेच होती. समोर कागद, नवीन प्रमाण अर्धं लिहून झालेलं.

"ते क्यूब धरू नका," मी म्हणालो. "त्यात सिमेंट जास्तीचं पडलंय."

शेठनं चष्मा काढला. "पास झालेलं नापास करून घ्यायला आलेला तू पहिलाच."

"नापास नाही. परत भरायचे."

मॅडमचा चेहरा उतरला होता. "कुणी टाकलं?"

"माझ्या साइटवर पडलं म्हणजे मी टाकलं. पुढचं बोला."

"पुढचं काय बोलायचं, दादा? सात दिवस मी याच आकड्यांची वाट बघत बसले." तिचा आवाज पहिल्यांदा मोठा झाला. "तुम्ही आत्ता येऊन सांगितलंत म्हणून इथं बसलेय तरी. नाहीतर उठून गेले असते."

शेठनं फोनकडे हात नेला. "प्लँटवाल्याला बोलावतो."

"बोलवा," मी म्हणालो आणि खुर्चीत बसलो. उभं राहून मागणाऱ्याला कुणी देत नाही. "तो इथे येणार, तुमच्या रस्त्याची लांबी बघणार, उन्हात माल आणायचा म्हणून कुरकुर करणार आणि त्याचं डिझाइन याच चुऱ्यात नव्यानं करणार. त्याला काय सात दिवस लागणार नाहीत? त्याचे ठोकळे काय तासाभरात पिकतात?"

शेठचा हात फोनवर थांबला.

"शिवाय तो क्यूब भरेल तेव्हा तिथे कोण उभं असेल? आमचं माणूस निदान तोंडावर बोललं तरी. त्याच्याकडे कोण बोलेल?"

मॅडमनं नकळत मान हलवली. मी तेवढ्यावर जोर धरला. टोळी बसून राहणार नाही, तोवर सेंट्रिंगच्या फळ्या घासून तेल लावून ठेवते, सळयांचा गंज काढते. नाहीतरी ते शेठला करावंच लागणार होतं. क्यूब मॅडमच्या डोळ्यांसमोर भरायचे. आणि या वेळचा आकडा येईल तो येईल, त्यावर मी एक शब्द बोलणार नाही.

"तू? एक शब्द बोलणार नाहीस?" शेठ हसला. "हे बघायला तरी सात दिवस द्यायला पाहिजेत."

दुसऱ्या दिवशी मॅडम साच्यांशेजारी उकिडवी बसली. मला वाटलं ती स्वतः भरेल. तिनं मावशीला हाक मारली आणि कुटायचा गज तिच्या हातात दिला.

"मावशी, तुम्हीच भरा. फक्त जे ड्रममधून येतं तेवढंच."

मावशीनं गज घेतला. आयुष्यभर घमेली भरलेली बाई, तीन लहान साचे भरताना घामानं भिजली. मधेच थांबून म्हणाली, "बाई, लई उघडं उघडं वाटतंय वो."

मॅडम हसायला लागली, मग आम्ही सगळेच हसलो. चाचा तर खोकेपर्यंत.

ते सात दिवस मात्र आठवले की मला आजही बरं वाटतं. काम हलकं होतं. दुपारी पत्र्याच्या शेडखाली भाकऱ्या सुटायच्या. चाचांच्या डब्यात बहुतेक वेळा खिचडी आणि चिंचेचा खट्टा असायचा. मावशीला तो खट्टा फार आवडायचा आणि ती कधी मागायची नाही. चाचा मुद्दाम म्हणायचे, "आज लई हो गया, फेंकना पडता." ती म्हणायची, "फेकू नका, अन्न हाय," आणि ओढून घ्यायची. मॅडम आमच्यात बसून मावशीचा ठेचा खायची आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर कबूल करायची नाही. सगळ्यांना ठाऊक होतं की कदाचित ही शेवटची पंगत आहे.  फळ्या घासताना नाल्याकडून गार वारा यायचा, आणि मी कुणावर ओरडत नाही म्हणून लोक मला बरं नाही का असं विचारायचे.

आकडा आला. पहिल्याहून बराच खाली. पण हवा होता त्याच्या वर. मॅडमनं दोनदा ताडून पाहिला आणि म्हणाली, "सिमेंटला हात लावायचा नाही. आहे तसाच माल घ्या." मी वचन पाळलं. एक शब्द बोललो नाही. लॅबबाहेर येऊन रडलो, पण ते बोलणं नव्हे.

स्लॅब आम्ही ओतला. पहाटेपासून मिक्सर चालू होता. रांग शेडपासून फळ्यांच्या चढावरून वरपर्यंत. भरलेलं घमेलं हातोहात वर जायचं, रिकामं हवेतून खाली यायचं, आणि खाली उभी असलेली बाई न बघता ते झेलायची. मावशीचा आवाज, ड्रमचा आवाज, व्हायब्रेटरचा घुर्र, आणि मधूनच चाचांची "चलो रे चलो." आता स्लॅब ओततात तेव्हा एक पाइप असतो, पाइप धरणारा असतो आणि मोबाइल बघणारे दोघे-तिघे असतात. काम चांगलं होतं, मी नाही म्हणत नाही. पण त्या दिवशी संध्याकाळी शेवटचं घमेलं वर गेलं तेव्हा ते मावशीनं स्वतः नेलं. ओल्या मालावर पाय न ठेवता, फळीवर उभं राहून, तिनं ते नैवेद्य ठेवावा तसं ओतलं.

आता राग कशाचा ते सांगतो. पूल झाला आणि वर्ष उलटायच्या आत शेठनं स्वतःचा आरएमसी प्लँट टाकला. मॅडमनं आमच्या ढिगाशेजारी बसून काढलेलं प्रमाण, तीच दोन क्रशरची वाळू, तीच धुवायची रीत, तोच क्रशरवाला. सगळं उचलून तिथे नेलं. मॅडमला विचारलं तर म्हणाली, "दादा, मी त्यांची नोकरदार. कागद त्यांचा होता." तिचं बरोबर होतं. पुढे ती नोकरी सोडून दुसऱ्या शहरात गेली. शेठनं मला प्लँटवर सुपरवायझर म्हणून बोलावलं. आमचाच माल बनवायला माझीच चाकरी! मी त्याला त्याच्या गेटवर उभं राहून चार लोकांत जे काय सुनावलं, त्यानंतर आमचं बोलणं तुटलं. हातानं माल ओतायची कामं कमी होत गेली. मावशी लेकीकडे गेली. आम्ही जो स्लॅब वाचवला, त्याच स्लॅबच्या मालानं आमची टोळी घरी बसवली. हे मला अजून गिळता येत नाही.

मग काही वर्षांनी एक दिवस चाचा घरी आले. बसताना गुडघा धरून बसले. बराच वेळ चहा फुंकत राहिले.

"शेठ बुला रा प्लांट पे," शेवटी म्हणाले. "केबिन में बैठके बटन दबाने का. घुटने अब साथ नै देते मियाँ. तू नक्को बोला तो नै जाता."

मला उठून कप फोडावासा वाटला. मी विचारलं, "बोलणी झाली का?"

"मेरेकू कां बोलने आता?"

दुसऱ्या दिवशी मी त्यांना मागे बसवून प्लँटवर गेलो. शेठ मला बघून चकित झाला.

"तू माझ्याशी बोलत नव्हतास ना?"

"आजही नाही बोलत. चाचांचं बोलायला आलोय."

मग आम्ही बसलो. पगाराचं शेठनं आधीच नीट सांगितलं होतं, त्यात मला हात घालायला जागा नव्हती. मी केबिनमध्ये पंखा मागितला, पाठीला टेकायची खुर्ची मागितली, जिना उंच आहे म्हणून कठडा मागितला. ते सगळं मी सोडून द्यायलाच मागितलं होतं. खरं मागायचं होतं ते शेवटी काढलं. शुक्रवारी दुपारी नमाजाला सुट्टी, पगार न कापता, आणि त्या वेळी माल कितीही अडला तरी फोन करायचा नाही.

शेठ म्हणाला, "शुक्रवारीच तर सगळ्यांचे स्लॅब असतात रे. शनिवार-रविवार वाळायला मिळतो म्हणून."

"म्हणूनच आधी सांगतोय."

त्यानं दोन्ही हात वर केले. म्हणाला, "बरं. शुक्रवार दिला." मग पुढे वाकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "आणि तुझं? तुझ्या मनात काय आहे ते मला कळतं. आज आलाच आहेस तर तेही बोलून टाक. काय पाहिजे तुला?"

इतकी वर्षं मी हाच प्रश्न त्याच्या तोंडून ऐकायची वाट बघत होतो. काय मागायचं ते अंघोळ करताना, गाडी चालवताना, झोपेत, हजारदा घोकलं होतं. चारचौघांत त्यानं एवढंच म्हणायचं, की हा माल या लोकांनी केला. एवढंच. जिभेवर आलं होतं.

पण एका बैठकीत दोन गोष्टी मागितल्या की समोरचा माणूस एक देतो आणि दुसरी कापतो. मी स्वतः आयुष्यभर तसंच केलं आहे. चाचा दारात उभे होते, चौकटीला धरून.

"माझं काही नाही," मी म्हणालो. "शुक्रवार पक्का ना?"

"पक्का."

मी उठलो. चाचांना म्हणालो, "चला, पंखा कुठे लावायचा ते बघून घेऊ."